एस्टोनियन शिकायला घेताना: आधी काय, मग काय आणि लोक कुठे चुकतात

शिक्षणासाठी किंवा आयटीतल्या नोकरीसाठी एस्टोनियात, टॅलिनला किंवा तार्तूला गेलेली मराठी मंडळी एस्टोनियन बहुधा एकाच पद्धतीने शिकायला घेतात. मोबाइलवर एखादं ॲप उतरवायचं आणि रोज दहा शब्द पाठ करायचे. दोन-तीन महिन्यांत शब्द बरेच जमतात, वाक्य मात्र एकही धड जुळत नाही. मग कुणीतरी सांगतं, "अरे, त्यांच्या चौदा विभक्त्या आहेत," आणि वही मिटते.

विभक्त्या बिचाऱ्या निमित्त आहेत. खरी गडबड अशी, की प्रत्येक शब्द एकाच रूपात पाठ केलेला असतो आणि ही भाषा एका रूपावर चालतच नाही. शिवाय विचार इंग्रजीतून चाललेला असतो. जिथे मराठी व्याकरण थेट मदतीला येतं, तिथेही आपण इंग्रजीच्या खिडकीतून डोकावत बसतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. टप्पा ओलांडून पुढे गेलात तर परत यावं लागेल आणि परत येणं जास्त जड जातं.

## तयारी: बसण्यापूर्वी

नात्याचे गैरसमज काढून टाका. एस्टोनियन ही रशियनची, जर्मनची किंवा शेजारच्या लॅटव्हियनची बहीण नाही. ती उरालिक कुळातली आहे. फिनिश तिची जवळची आणि हंगेरियन खूप दूरची नातेवाईक. मराठी, हिंदी, इंग्रजी, रशियन या सगळ्या दुसऱ्या कुळातल्या, त्यामुळे पाणी, हात, डोळा अशा मूळ शब्दांचा अंदाज बांधता येत नाही, ते पाठच करावे लागतात. जर्मनमधून आलेले उसने शब्द खूप आहेत. ज्यांना जर्मन येतं त्यांना स्वयंपाकघरात आणि दुकानात थोडा दिलासा मिळतो, एवढंच.

फिनिश साहित्य जवळ ठेवू नका. "जवळचीच भाषा आहे, चालेल की" असं म्हणून काही जण फिनिश व्हिडिओ पाहतात. 'हाल्लितुस' म्हणजे फिनिशमध्ये सरकार आणि एस्टोनियनमध्ये बुरशी. सुरुवातीला असा गोंधळ परवडत नाही.

माध्यमाची भाषा ठरवा. मराठीतून शिकवणारा अभ्यासक्रम शोधण्यात वेळ घालवू नका, इंग्रजी माध्यम घ्या. 'केऽलेक्लिक' हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम इंग्रजीतून आणि रशियनमधून आहे आणि तो शून्यापासून सुरू होतो. त्याच्या पुढची पायरी 'केऽलेतेऽ'. शब्दकोश म्हणून एस्टोनियन भाषा संस्थेचा 'सोनावेऽब' वापरा. त्यात शब्दाची सगळी रूपं दिसतात आणि उच्चार ऐकता येतो. माध्यम इंग्रजी असलं तरी व्याकरणाचा विचार मराठीतून करायचा. का, ते दुसऱ्या टप्प्यात येईलच.

कळफलक बसवा. फोनवर आणि लॅपटॉपवर एस्टोनियन कळफलक पहिल्याच दिवशी चालू करा. या लिपीत चार जादा स्वर आहेत: दोन टिंबांचा ए (आकारातला, उच्चार ॲ), दोन टिंबांचा ओ, दोन टिंबांचा यू आणि डोक्यावर लाट असलेला ओ. टिंबं गाळली तर शब्दच बदलतो. 'साऽर' म्हणजे बेट आणि टिंबांचा 'सॅऽर' म्हणजे गुडघ्याखालचा पाय. कागदी कोशात हे चारही स्वर व्ही, डब्ल्यूच्या नंतर येतात, आणि झेड हे अक्षर एसच्या मागोमाग येतं. हा क्रम माहीत नसल्याने शब्द "कोशात नाही" असं वाटतं.

वही आडवी धरा. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. चौथा अर्थासाठी. एक रकाना असलेली वही असेल तर ती किराण्याच्या यादीला वापरा.

> सावधान: या लेखात एस्टोनियन शब्द देवनागरीत दिले आहेत ते फक्त वाचण्याच्या सोयीसाठी. 'ऽ' म्हणजे लिखाणात स्वर दोनदा आहे, 'ॅ' म्हणजे टिंबांचा ए. तुमच्या वहीत मात्र मूळ लिपीच हवी. देवनागरीत लिहून पाठ केलेला शब्द नंतर पाटीवर दिसला तरी ओळखू येत नाही.

## टप्पा १: कान आणि लांबी

पहिले दोन आठवडे शब्दसंख्या वाढवू नका. ऐका आणि मागोमाग म्हणा. कारण या भाषेत लांबीवर अर्थ ठरतो, आणि लांब्या दोन नसून तीन आहेत: आखूड, लांब, अतिलांब.

- सादा: शंभर
- साऽदा: पाठव
- साऽऽदा: मिळणे, मिळवणे

दुसरा आणि तिसरा शब्द लिहिताना हुबेहूब सारखे. फरक फक्त उच्चारात. व्यंजनांचंही तसंच: 'लिना' म्हणजे लिननचं कापड, 'लिन्ना' म्हणजे शहराचा, आणि तोच 'लिन्ना' न-वर जास्त रेंगाळून म्हटला की शहराकडे, शहरात जाणं. काही कोशांत अतिलांब अवयवाच्या (शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) आधी एक छोटी तिरकी खूण असते. ती छपाईची चूक नाही. (पुढच्या टप्प्यांत मी फक्त लिखाणातली लांबी दाखवली आहे, अतिलांब वेगळी दाखवलेली नाही.)

आता व्यंजनं. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा असा, की आपले प, त, क हवा न सोडता निघतात, तसेच इथे हवेत. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे महिनोन्महिने जमत नाही. टी या अक्षरासाठी 'त' धरा, 'ट' नको. तोटा असा, की बी, डी, जी ही अक्षरं दिसली की आपण भरघोस ब, द, ग म्हणतो. एस्टोनियनमध्ये ती घोषच (गळ्यात कंप होऊन निघणारी) नाहीत. ती म्हणजे हलके, आखूड प, त, क. पी, टी, के त्याहून जरा रेंगाळणारे, आणि जोडाक्षर आणखी ठाशीव:

- काबी: खूर
- कापी: कपाटाचा
- काप्पी: कपाटात, आत ठेवताना

पहिला शब्द म्हणताना गळ्याला बोट लावा. मधल्या अक्षरावर ठळक घोष जाणवला तर तुम्ही मराठी ब म्हणताय.

जे अक्षर म्हणजे 'य'. घराला 'माया' म्हणतात, 'माजा' नाही.

स्वरांत ॲ आपल्याला येतोच, बॅटमधला. दोन टिंबांच्या यूसाठी 'ई' म्हणत ओठांचा चंबू करा. दोन टिंबांच्या ओसाठी 'ए' म्हणत चंबू. लाटेच्या ओसाठी उलट: 'ओ' म्हणत ओठ हसल्यासारखे फाकवा, जीभ हलू देऊ नका. हा शेवटचा स्वर जमत नाही म्हणून अडून बसू नका. साऽरेमाऽ बेटावरची माणसं लाटेच्या ओऐवजी टिंबांचा ओ म्हणतात म्हणून सगळा देश त्यांची चेष्टा करतो, आणि त्यांचं काही अडत नाही. लांबी चुकली तर मात्र अर्थ बदलतो. मेहनत तिथे करा.

जोर पहिल्या अवयवावर. अपवाद थोडे, पण त्यातला एक रोज लागतो: 'आइतॅह्', म्हणजे धन्यवाद, यात जोर दुसऱ्यावर.

> तपासा: सोनावेऽबवर पाच जोड्यांचे उच्चार न बघता लावा आणि आखूड की लांब ते सांगा. पाचपैकी चार बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका. अतिलांब लगेच ओळखू आली नाही तर चालेल, ती वाक्यांतून कानावर पडत जाते.

## टप्पा २: तीन रूपांची वही

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे सर्वांत जास्त थांबा.

प्रत्येक नामाची पहिली तीन रूपं पाठच करावी लागतात: नाव सांगणारं, 'चा' अर्थाचं आणि 'अंशाचं' रूप. तिसऱ्याला मराठीत नेमका जोडीदार नाही, त्याचं काम पाचव्या टप्प्यात कळेल. आत्ता फक्त लिहा:

- राऽमात, राऽमातु, राऽमातुत: पुस्तक
- केऽल, केऽले, केऽल्त: भाषा
- इनिमेने, इनिमेसे, इनिमेस्त: माणूस
- लाउद, लाउआ, लाउदा: टेबल
- तुबा, तोआ, तुबा: खोली
- लेइब, लेइवा, लेइबा: काळा पाव
- माया, माया, माया: घर

'तुबा'चं 'तोआ' होताना मधलं व्यंजन गळालं, 'लेइब'चं 'लेइवा' होताना ब-चा व झाला. हे पाहून लोक हबकतात. पण आपण काय वेगळं करतो? घोडा, पण घोड्याला. पाणी, पण पाण्यात. शाळा, पण शाळेत. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचं सामान्यरूप होतं आणि प्रत्यय त्या सामान्यरूपाला चिकटतो. एस्टोनियनचं दुसरं रूप म्हणजे जवळजवळ तेच. फरक एवढाच, की त्याला आणखी काही न लावताही 'चा' असा अर्थ निघतो. 'राऽमातु' म्हणजे पुस्तकाचा, आणि 'राऽमातुस' म्हणजे पुस्तकात. इंग्रजीतून आलेल्या माणसाला ही कल्पनाच नवी असते. आपण ती तिसरीच्या वर्गात शिकलोय.

काही साचे लवकर हाती लागतात. 'ने'ने संपणारे बहुतेक लांब शब्द 'से' आणि मग 'स्त' होतात, जसं इनिमेने. असा साचा सापडला की वहीत त्या शब्दांचं वेगळं पान करा. पण नियमांची पूर्ण यादी शोधत बसू नका. ती आहे, लांबलचक आहे, आणि ती वाचून कुणी बोलायला लागलेलं नाही.

विशेषणंही याच वहीत, तीन रकान्यांत: सुऽर, सुऽरे, सुऽर्त (मोठा). उऽस, उऽए, उऽत (नवा).

> सावधान: ॲपवर शब्द एकाच रूपात येतो. तो तसाच वहीत उतरवू नका. आधी सोनावेऽब उघडा, तीन रूपं घ्या, मगच लिहा. रोज दहा शब्दांऐवजी चार झाले तरी चालतील.

> तपासा: तीस शब्द झाले की पहिला रकाना झाका आणि दुसऱ्यावरून पहिला सांगा. पाटीवर, पत्रात, बातमीत शब्द बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रूपात भेटतो आणि कोशात पहिल्या. उलट्या दिशेने येत नसेल तर शब्द सापडणारच नाही.

## टप्पा ३: उरलेल्या अकरा विभक्त्या

चौदापैकी तीन झाल्या. उरलेल्या अकरा दुसऱ्या रूपाला प्रत्यय जोडून होतात. म्हणजे दुसरा रकाना पक्का असेल तर इथे पाठ करण्यासारखं फार थोडं आहे.

आतल्या तीन: -स्से (आत जाणं), -स (आत असणं), -स्त (आतून येणं).
वरच्या तीन: -ले (वर किंवा कडे), -ल (वर, कडे असणं), -ल्त (वरून, कडून).
उरलेल्या पाच: -क्स (होणं, बनणं), -नी (पर्यंत), -ना (म्हणून, या नात्याने), -ता (शिवाय), -गा (सह, ने).

आधी आतल्या आणि वरच्या सहा घ्या. मराठीत 'त' आणि 'तून', 'वर' आणि 'वरून' हा भेद आपल्याला सवयीचाच आहे: 'लाउआल' टेबलावर, 'लाउआल्त' टेबलावरून. मग '-गा' आणि '-ता', कारण त्या उपाहारगृहात लागतात. 'पिऽमागा' म्हणजे दुधासह, 'पिऽमाता' म्हणजे दुधाशिवाय. बाकीच्या वाचताना आपोआप येतील.

शाकाहारी मंडळींनी हे वाक्य आजच पाठ करावं: इल्मा लिहा या कालाता, म्हणजे मांस आणि मासे यांच्याशिवाय. नुसतं 'इल्मा लिहाता' म्हटलंत तर पुढ्यात मासा येऊ शकतो, तो तिथे सगळेच 'मांसा'त धरत नाहीत. मधला 'या' म्हणजे 'आणि'.

हमखास होणाऱ्या तीन चुका:

एक, विशेषण. विशेषण नामाबरोबर प्रत्यय घेतं: 'सुऽरेस मायास', मोठ्या घरात. पण -नी, -ना, -ता, -गा या चार प्रत्ययांच्या वेळी विशेषण फक्त दुसऱ्या रूपात थांबतं: 'सुऽरे मायागा'. मराठीत विशेषण नेहमी असंच थांबतं, 'मोठ्या घरात' म्हणतो, 'मोठ्यात घरात' नाही. त्यामुळे शेवटच्या चार आपल्याला चुकत नाहीत, बाकीच्या सगळ्या चुकतात.

दोन, जवळचा रस्ता. 'आत जाणं' दाखवायला अनेक रोजच्या शब्दांचं एक आखूड रूप असतं आणि लोक तेच वापरतात. खोलीत जायचं तर 'तुप्पा', घरात 'माय्या', शाळेत 'कोऽली'. 'कोऽलिस्से' म्हटलं तर कळतं, पण पुस्तकी वाटतं. हे आखूड रूप वहीत शब्दाखाली लाल शाईने लिहा.

तीन, गावांची नावं. टॅलिनमध्ये म्हणजे 'ताल्लिन्नास', तार्तूत 'तार्तुस', पुण्यात 'पुनेस'. पण ज्या नावाच्या शेवटी 'माऽ' (भूमी) आहे त्याला वरचा प्रत्यय: 'साऽरेमाऽल', 'साक्सामाऽल' (जर्मनीत). टॅलिनच्या लास्नामॅए आणि मुस्तामॅए या वस्त्यांच्या नावांतही 'मॅए' म्हणजे टेकडी आहे, म्हणून राहायचं ते 'लास्नामॅएल', वर. तुमचा पत्ता, कार्यालय आणि विद्यापीठ यांच्या नावाला कोणता प्रत्यय लागतो ते एकदाच विचारून ठेवा, कारण ते वाक्य तुम्ही रोज बोलणार आहात.

आणि एक फुकटची कमाई. एस्टोनियनमध्ये 'असणं' आहे, इंग्रजीसारखं 'बाळगणं' नाही. 'मुल ओन राऽमात' म्हणजे शब्दशः माझ्याकडे आहे पुस्तक. 'मुल्ले मेऽल्दिब सेऽ राऽमात', मला आवडतं हे पुस्तक. 'मुल ओन किऽरे', मला घाई आहे. या वाक्यांसाठी मनात इंग्रजी आलं की समजा वाट चुकली.

> तपासा: खिशातल्या पाच वस्तू टेबलावर ठेवा. प्रत्येकीचं 'माझ्याकडे आहे', 'टेबलावर आहे', 'पिशवीत आहे' असं मोठ्याने सांगा. अडखळलात तर बहुतेक वेळा प्रत्यय येत असतो, दुसरा रकानाच विसरलेला असतो.

## टप्पा ४: क्रियापद

कोशात क्रियापद '-मा' रूपात असतं. पण तेवढं पुरत नाही. इथेही तीन रूपं लिहा: '-मा', '-दा', आणि 'मी' सोबतचं.

- एलामा, एलादा, एलान: राहणे
- रॅऽकिमा, रॅऽकिदा, रॅऽगिन: बोलणे
- लुगेमा, लुगेदा, लोएन: वाचणे
- तेगेमा, तेहा, तेऽन: करणे
- मिनेमा, मिन्ना, लॅहेन: जाणे

वर्तमानकाळ सोपा: एलान, एलाद, एलाब, एलामे, एलाते, एलावाद. क्रियापदाला लिंग नाही, आणि तो-ती-ते या सगळ्यांना मिळून एकच 'ता' किंवा 'तेमा'. म्हणून यांत्रिक भाषांतरात तुमची मैत्रीण अधूनमधून 'तो' होते, त्यावर विश्वास ठेवू नका.

नकार त्याहून सोपा: 'एइ' अधिक प्रत्यय नसलेलं रूप. 'मा एइ एला' (मी राहत नाही), 'सा एइ एला' (तू राहत नाहीस), सगळ्यांना तेच. लोक 'मा एइ एलान' म्हणतात, ते चूक.

भविष्यकाळ वेगळा नाही. 'होम्मे लॅहेन', उद्या जातो. आपणही "उद्या जातो पुण्याला" म्हणतोच की. भविष्यकाळाचं सहायक क्रियापद शोधू नका.

खरी अडचण '-मा' की '-दा' ही. दोन्हींचा अर्थ 'जायला', 'वाचायला' असाच काहीसा. कोणतं लावायचं ते आधीचं क्रियापद ठरवतं, त्यामागे तर्क शोधू नका, जोडी पाठ करा. हवं असणं, येत असणं, शक्य असणं, आवडणं यांच्यापुढे '-दा': 'ताहान मिन्ना' (जायचंय), 'ओस्कान लुगेदा' (वाचता येतं). पाहिजे-च असणं, सुरू करणं, एखाद्या कामाला निघणं यांच्यापुढे '-मा': 'पेआन मिनेमा' (जायलाच हवं), 'हाक्कान लुगेमा' (वाचायला लागतो). 'पेआन मिन्ना' ही चूक परदेशी माणसाची ओळखखूण आहे.

## टप्पा ५: कर्म कोणत्या रूपात

'राऽमात', 'राऽमातु', 'राऽमातुत'. वाक्यात कर्म म्हणून यांपैकी कोणतं? वर्षभर शिकलेलेही इथे ठेचकाळतात, कारण पुस्तकांत नियम पाच-सहा पानांवर विखुरलेले असतात. पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा आणि उत्तर 'हो' आलं की तिथेच थांबा.

१. वाक्यात नकार आहे? मग तिसरं रूप. 'मा एइ ओस्त्नुद राऽमातुत', मी पुस्तक घेतलं नाही. 'मुल एइ ओले राऽमातुत', माझ्याकडे पुस्तक नाही, हेही तसंच.

२. क्रियापद नेहमी तिसरं रूप मागणारं आहे? प्रेम करणं, वाट पाहणं, मदत करणं अशांना शेवटच नसतो. मग तिसरं रूप. अशा क्रियापदांची यादी वहीच्या मागच्या पानावर वाढवत न्या.

३. काम चालू आहे, किंवा वस्तूचा काही भागच आहे? तिसरं रूप. 'लुगेसिन राऽमातुत', पुस्तक वाचत होतो. 'ओस्त्सिन लेइबा', थोडा पाव घेतला.

४. आज्ञा आहे, आणि काम पुरं करायचं आहे? पहिलं रूप. 'ओस्ता राऽमात!'

५. यांतलं काहीच नाही, काम पुरं झालं? एकवचनात दुसरं रूप: 'ओस्त्सिन राऽमातु'. अनेकवचनात पहिल्या रूपाचं अनेकवचन: 'ओस्त्सिन राऽमातुद'.

'लुगेसिन राऽमातु लॅबी' म्हणजे वाचून काढलं. मराठीत 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' हा फरक क्रियापद दाखवतं, तिथे तो बराचसा कर्म दाखवतं. इतकं मनात बसलं की पाच प्रश्नांपैकी तीन विचारावे लागत नाहीत. आणि वर्तमानकाळात पुरं कर्म घातलं, 'लोएन राऽमातु लॅबी', तर अर्थ आपोआप 'वाचून काढीन' होतो. भविष्यकाळ नसल्याचं काम असं भागतं.

संख्या वेगळी ठेवा. 'एक'च्या पुढच्या प्रत्येक संख्येनंतर नाम तिसऱ्या रूपाच्या एकवचनात: 'काक्स राऽमातुत', दोन पुस्तकं. अनेकवचन लावण्याचा मोह होतोच. दोन, पाच, शंभर, सगळ्यांना एकवचन.

> सावधान: 'माया', 'राहा' (पैसे) यांची तिन्ही रूपं सारखी. 'बुस्स, बुस्सी, बुस्सी' मध्ये फरक फक्त लांबीचा. असे शब्द वापरलेत की चूक झाकली जाते आणि पक्की होते. शंका आली की त्या जागी मनात 'राऽमात' घालून पाहा. 'बसची वाट पाहतो' ऐवजी 'पुस्तकाची वाट पाहतो' म्हटलं, वाक्य वेडगळ झालं, पण रूप 'राऽमातुत' हे लगेच कळलं.

## टप्पा ६: वाक्य जुळवणं आणि तोंड उघडणं

मराठी सवयीने क्रियापद शेवटी जातं. साध्या विधानात ते दुसऱ्या जागी ठेवा: 'होम्मे लॅहेन मा तार्तुस्से', उद्या मी तार्तूला जातो. प्रश्नाचा 'कास' म्हणजे आपला 'का', पण वाक्याच्या तोंडाशी: 'कास तेइल ओन आएगा?', आपल्याकडे वेळ आहे का? 'की' अर्थाच्या 'एत'च्या आधी लिहिताना स्वल्पविराम हवाच.

'सा' म्हणजे तू, 'ते' म्हणजे तुम्ही. डॉक्टर, कचेरीतला अधिकारी, वयाने मोठा अनोळखी माणूस यांना 'ते'. सहकाऱ्यांत 'सा' लवकर येतं. ते कधी बदलायचं हे समोरच्यावर सोडा.

भाषेचं नाव घेताना: 'रॅऽगिन एऽस्ती केऽल्त' (एस्टोनियन बोलतो), 'एऽस्ती केऽलेस' (एस्टोनियनमध्ये). यात 'एऽस्ती' बदलत नाही आणि पहिलं अक्षर लहान लिहितात. देशाचं नाव म्हणून आलं की मोठं अक्षर आणि प्रत्यय दोन्ही: 'एऽस्तिस', एस्टोनियात.

वेळ सांगताना इंग्रजीने हमखास दगा दिला जातो. 'पोऽल कोल्म' म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. तिसरा तास अर्धा झाला, असा हिशोब. 'वेऽरांद कोल्म' सव्वादोन आणि 'कोल्मवेऽरांद कोल्म' पावणेतीन. डॉक्टरांची वेळ फोनवर घेतलीत तर आकड्यात पुन्हा विचारून घ्या: दोन तीस का?

दुकानातली ठरावीक वाक्यं कानाला आधी ओळखीची करा, बोलणं नंतर. 'कास कोत्ती सोऽविते?' पिशवी हवी का? पैसे देताना हे ऐकू येतं आणि घाबरून लोक 'याह्' म्हणतात, मग पिशवीचे पैसे भरतात. 'एइ, आइतॅह्' म्हणा. बसमध्ये 'यॅर्ग्मिने पेआतुस' म्हणजे पुढचा थांबा. त्यापुढचं नाव तुमच्या नकाशातल्या नावाशी ताडून पाहत राहिलात तर रोज मोफत श्रुतलेखन होतं.

तुम्ही अडखळलात की समोरचा इंग्रजीवर येतो. तो तुमची सोय पाहत असतो, पण तुमचा सराव बुडतो. त्यासाठी तीन वाक्यं तयार हवीत: 'पालुन रॅऽकिगे एऽस्ती केऽलेस' (कृपया एस्टोनियनमध्ये बोला), 'पालुन आएग्लासेमाल्त' (जरा हळू), 'मा एइ साऽ आरु' (मला कळलं नाही). गर्दीच्या वेळी काउंटरवर हा हट्ट नको. त्यासाठी 'केऽलेकोह्विक' म्हणजे भाषा-कट्टे असतात, तिथे चुकत बोलायलाच लोक जमतात.

नार्वा शहरात राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: तिथे रस्त्यावर बहुतेक रशियन ऐकू येते. नुसतं "वातावरणातून येईल" यावर राहू नका, टॅलिन आणि नार्वा दोन्हीकडे एस्टोनियन भाषेची घरं, म्हणजे भाषा शिकवणारी केंद्रं आहेत, तिथे नाव घाला.

## टप्पा ७: परीक्षा द्यायची असेल तर

राज्यस्तरीय परीक्षा ए२, बी१, बी२ आणि सी१ या युरोपीय भाषा-पातळ्यांवर (ए सुरुवातीची, सी प्रगत) होतात. त्या शिक्षण आणि युवक मंडळ, म्हणजे 'हार्नो', घेतं. नागरिकत्वासाठी आणि दीर्घकालीन वास्तव्याच्या परवान्यासाठी बी१ लागते. नोकरीसाठी कोणती लागते ते पदावर ठरतं, अर्ज करण्याआधी मालकाकडून लेखी घ्या.

परीक्षेत लेखन, श्रवण, वाचन आणि संभाषण असे चार भाग. उत्तीर्ण व्हायला एकूण ६० टक्के गुण हवेत, आणि कुठल्याही एका भागात शून्य पडून चालत नाही. त्यामुळे "बोलणं जमत नाही, लिहून भरून काढू" ही योजना धोक्याची.

तयारीचा क्रम असा ठेवा. आधी मंडळाच्या संकेतस्थळावरची नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, काहीही न वाचता. कोणता भाग सर्वांत कमकुवत ते दिसेल. आपल्या लोकांचा बहुधा श्रवणाचा निघतो, कारण अभ्यास डोळ्यांनी झालेला असतो. मग सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवरच्या बातम्या रोज, दोनदा: एकदा नुसत्या, एकदा ऐकू आलेल्या नामांची रूपं लिहीत. लेखनात लहान वाक्यं करा. पत्राची सुरुवात, विनंती, दिलगिरी, शेवट यांचे साचे तयार ठेवा आणि त्यातलं प्रत्येक कर्म पाचव्या टप्प्यातल्या प्रश्नांतून एकदा काढा. नाव नोंदवताना जागा भरण्याच्या आत नोंदवा आणि ओळखपत्रावरचं नाव जसं आहे तसंच भरा. पारपत्रावर एक, परवान्यावर दुसरं अशी आपल्याकडची आडनावांची गंमत तिथे परीक्षेच्या दिवशी दारात कळू नये.